जहाज मुरगावला, आई सड्यावर

मुंबईहून क्रूझच्या जहाजाने निघालो ती संध्याकाळ, बुफेच्या रांगा, रात्री उशिरापर्यंत चाललेली गाणी, यातलं मला फारसं काही आठवत नाही. आठवतो तो गोव्यातल्या मुरगाव बंदराचा दिवस. त्या दिवशी मी जहाजावरून खाली उतरले नाही.

माझं माहेर सड्यावर. मुरगाव बंदराच्या डोक्यावर जांभ्या दगडाचा जो सपाट माळ आहे, तोच सडा. बाबा वेंगुर्ल्याहून बंदरात नोकरीला आले आणि तिथलेच झाले. आमच्या घरापासून धक्का तीन किलोमीटरसुद्धा नसेल. लहानपणी शाळेतून येताना आम्ही वळणावर थांबून जहाजं मोजायचो. खनिज भरून घ्यायला आलेली मोठी जहाजं, आणि झुआरी नदीतून त्यांच्याकडे सरकत येणाऱ्या लाल मातीने माखलेल्या बार्जेस, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटी. घरात चादरी झटकल्या की तीच लाल धूळ उडायची. 2012 साली खाणी बंद झाल्या तेव्हा बाबा निवृत्त झाले होते, तरी रोज संध्याकाळी वळणावर जाऊन रिकामं पाणी बघून यायचे.

तर इतक्या जवळ येऊनही मी घरी का गेले नाही? खरं सांगते. मला एक दिवस हवा होता, ज्यात मला कुणी काही विचारणार नाही. डोंबिवलीची लोकल, ऑफिस, मुलीची बारावी, सासऱ्यांचं ऑपरेशन, असं वर्ष गेलं होतं. जहाज सकाळी आठला लागणार आणि चारच्या आत सगळ्यांनी परत यायचं. बंदरात आत पायी फिरू देत नाहीत. बसने गेटपर्यंत, मग रिक्षा. घरी मिळणार जेमतेम काही तास. तेवढ्यात आईचं पासबुक, गॅसचं पुस्तक, औषधांच्या चिठ्ठ्या, शेजारच्या काकी, आणि निघताना उंबऱ्यावरची रडारड. माहेराहून मी नेहमी दमूनच परत येते. हे लिहिताना वाईट वाटतंय, पण ते खरं आहे.

आईला दोन दिवस आधीच फोनवर सांगितलं होतं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दारात इलंस आणि घराक येवचंस नाय?" आणि फोन ठेवला.

सकाळी नऊपर्यंत जहाज रिकामं झालं. नवरा आणि मुलगी ग्रुपबरोबर पणजीला गेले. रिकाम्या जहाजाचं सुख मला आधी माहीतच नव्हतं. कालपर्यंत ज्या लिफ्टसाठी दहा मिनिटं थांबत होते, ती माझ्यासाठी दार उघडून उभी. डेकवर हव्या त्या खुर्चीवर बसा. गाणी बंद, फक्त दोरखंडांची करकर आणि घारी. साडेदहाला कर्मचाऱ्यांची कवायत झाली. भोंग्याचे सात आखूड आणि एक लांब आवाज, नारिंगी जॅकेट घालून पळणारी माणसं. चहा घेऊन आलेल्या मुलाने सांगितलं, पाहुणे खाली उतरले की असल्या कवायती उरकून घेतात.

मी कठड्याला टेकून बसले. समोर दोना पावला, त्याच्या टोकाला काबोचं राजभवन, आणखी पलीकडे धूसर आग्वादचा किल्ला. हे सगळं मी आयुष्यभर वरून पाहिलेलं, आज पहिल्यांदा पाण्याच्या बाजूने. बाबा एक गोष्ट सांगायचे ती आठवली. 1939 मध्ये युद्ध पेटलं तेव्हा पोर्तुगाल तटस्थ म्हणून काही जर्मन मालवाहू जहाजं इथे आश्रयाला आली आणि अडकली. खलाशी तीन वर्षांहून जास्त काळ याच पाण्यात होते. मार्च 1943 मध्ये एका रात्री कलकत्त्याकडचे इंग्रज स्वयंसेवक बार्जमधून चाल करून आले, आणि जर्मन खलाशांनी आपली जहाजं आपणच बुडवली. एहरेनफेल्स हे त्यातल्या मुख्य जहाजाचं नाव. लहानपणी मला त्यात फक्त आग आणि गोळीबार दिसायचा. आज मनात आलं, तीन वर्षं ती माणसं समोरच्या दिव्यांकडे बघत काय बोलत असतील?

दुपारी चहा घेऊन पुन्हा तोच मुलगा आला. छातीवरच्या पट्टीवरचं आडनाव वाचून मी कोंकणीत विचारलं, "खंयचो तूं?" तो चिखलीचा निघाला! वास्को सोडलं की लगेचचं गाव. दाबोळीला उतरणाऱ्या विमानाकडे बोट दाखवून म्हणाला, ते खाली जातं ना, त्याच्या अलीकडे आमचं घर. तेवढ्या अंतरावरून तो महिनोन्‌महिने घर बघत होता. बंदर आलं की त्याची ड्युटी असते. सुट्टीची पाळी क्वचित येते. मागच्या खेपेला दोन तास मिळाले होते. मुलगा चार वर्षांचा, निघताना पायाला मिठी मारून बसला. "मी बायकोला म्हटलं, यापेक्षा न आलेलं बरं. ती म्हणाली, दोन वरां तर दोन वरां."

मग त्याने सहज विचारलं, "तुम्ही का नाही उतरलात? तुमचंही इथलंच ना?"

मी काय सांगणार होते? अडीच वाजले होते. बस, रिक्षा, परत बस असा हिशेब केला. घरात पंधरा मिनिटं मिळाली असती, आणि जहाज चुकण्याची भीती होती. माझी हिंमत झाली नाही. त्यानेच सांगितलं, वरच्या डेकवर, लाइफबोटींच्या मागच्या कोपऱ्यातून सड्याचं वळण स्पष्ट दिसतं. त्याला तो कोपरा कसा माहीत, हे विचारायची गरज नव्हती.

आईने पहिल्याच रिंगला फोन उचलला. "आई, वळणावर येशील?"

तिचं वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे दुखतात. शेजारच्या पोरीला बरोबर घेऊन ती वीस मिनिटांत तिथे पोचली. मला आधी दिसली ती काळी छत्री, कठड्याजवळ, टाचणीच्या डोक्याएवढी. "माका बोट दिसता," फोनवर आवाज आला. "तू खंय आसस?" मी पिवळी ओढणी काढून दोन्ही हातांनी हलवायला लागले. "पिवळा कायतरी हलता हा," ती म्हणाली. मग शेजारच्या पोरीला, "ताच, ताच माझा चेडू."

पुढे फार बोलणं झालं नाही. जेवलंस काय, मी जेवले म्हटलं. ऊन आसा, टोपी घाल. आणि मग मध्येच, कसलाही राग नसलेल्या आवाजात, "सकाळी बांगडे आणलेले. येशीत असा वाटला. तळून फ्रिजात ठेवलंय."

मी डेकवर उभ्या उभ्या रडले. आजूबाजूला कोणी नव्हतं ते बरं झालं.

तिला घरी जा म्हणून किती वेळा सांगितलं. जहाज सुटल्याशिवाय जाणार नाही म्हणाली. कठड्यावर बसायला जागा आहे, पोरगी पाणी घेऊन आलीय, एवढंच. चारच्या आधी नवरा आणि मुलगी काजूच्या पिशव्या घेऊन आले. मी मुलीला त्या कोपऱ्यात नेलं. तिने आजीला हात केला, छत्री वरखाली झाली.

साडेपाचला दोर सुटले. टगबोटीने जहाज हळूहळू ओढलं, लाटा अडवणारा लांब बांध मागे सरकायला लागला. मी नजर हलवली नाही. आणि अचानक ती काळी टाचणी दिसेनाशी झाली. गेली वाटतं घरी, असं म्हणत मी फोन लावला.

"छत्री मिटलंय," आई म्हणाली. "ऊन उतारला. मी हंयसरच आसंय."