टाळ, लॅकर आणि पावणेचार इंची स्पूल

टाळ हे वाद्य रेकॉर्डच्या मुळावरच उठलेलं असतं. पण काका भांडायला आले होते ते वेगळ्याच मुद्द्यावर.

गंगापूर रोडवरच्या माझ्या छोट्या स्टुडिओत जुन्या टेप उतरवून, साफ करून देणं हे रोजचं काम. पंचवटीतले हे काका वडिलांच्या कीर्तनाचा स्पूल घेऊन आले. रामनवमीच्या दिवसांत काळाराम मंदिरात घरच्याच मशीनवर टेप केलेलं कीर्तन. त्याची एलपी काढायची, थोड्याच प्रती, नातेवाइकांपुरत्या. अट एकच: "मध्ये कॉम्प्युटर नको. तो येणार असेल तर एलपी कशाला? पेन ड्राइव्हच द्या ना!"

बिनतोड प्रश्न. मी स्पूल मशीनवर चढवला. वेग सेकंदाला पावणेचार इंच, फीत जुनी, हेडवर तपकिरी भुकटी उतरत होती. लॅकर म्हणजे खाचा कोरलेली पहिली तबकडी, तिच्यावरून पुढच्या प्रती निघतात. ती कापणाऱ्यांची टेप मशीनं 15 नाहीतर 30 इंचांवर चालतात. शिवाय फितीवरून थेट कापायचं तर त्यांना दोन हेडांचं खास मशीन लागतं. पहिलं हेड पुढचा आवाज साधारण एका फेरीइतका, म्हणजे 1.8 सेकंद, आधी वाचतं आणि लेथला, म्हणजे खाचा कोरणाऱ्या यंत्राला, कळवतं की मोठा आवाज येतोय, खाचा लांब लांब ठेव. ही फीत तिथे पाठवून चार वेळा फिरवायची म्हणजे वडिलांचा आवाज झाडूने गोळा करायचा.

मग त्यांना न आवडणारी गोष्ट सांगितली. 1980च्या आसपास अनेक कटिंग स्टुडिओंनी त्या पहिल्या हेडाची कटकटच काढून टाकली आणि मध्ये डिजिटल डिले बसवला. लेथला खरा आवाज, खाचेत जाणारा तोच आवाज डिजिटल होऊन थोडा उशिरा. म्हणजे 'अॅनालॉग' म्हणून जपलेल्या त्या काळच्या कित्येक रेकॉर्डी डिजिटलमधूनच गेल्यात. 2022 मध्ये अमेरिकेतल्या मोबाईल फिडेलिटी या रेकॉर्ड कंपनीच्या महागड्या एलपींमध्ये डिजिटल टप्पा असल्याचं उघड झालं, तेव्हा चिडलेल्यांत असे लोक होते ज्यांच्या कानांना तोवर काहीच खटकलं नव्हतं. काका गप्प झाले. पटलं म्हणून नव्हे, रागाने.

टेप कॉम्प्युटरवर 96 किलोहर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला 96 हजार नमुने घेत) उतरवून घेतली आणि मग खरं दुखणं समोर आलं. कीर्तन संपतं गजराने. सगळं सभागृह टाळ वाजवतंय. कापताना आरआयएएच्या नियमाने (रेकॉर्डींसाठी ठरलेलं मानक) 10 किलोहर्ट्झच्या उंच सुरांना जवळजवळ 14 डेसिबल वाढवावे लागतात. टाळ तिथेच खणखणतात आणि कटरची कॉइल तापते. त्यात एलपीच्या प्रत्येक बाजूचा शेवट आतल्या कडेला, लेबलजवळ. बाहेर सुईखालून सेकंदाला 51 सेंटिमीटर खाच सरकते, आत जेमतेम 21. तेवढ्या जागेत टाळ कोंबले की ऐकू येते फक्त चरचर. म्हणून जाणती माणसं बाजूच्या शेवटी शांत गाणं ठेवतात. इथे फीत असो की फाइल, फरक शून्य.

"मग गजर दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला घ्या," मी म्हटलं.

"अहो, गजर आधी आणि आख्यान नंतर? वडील वरून काठी घेऊन येतील!"

त्यांनी आईंना फोन लावला. आईंनी अख्खं ऐकून घेतलं आणि निकाल दिला: आख्यानातली ती लांबलेली गोष्ट काढा, ती त्यांना कधीच जमली नाही, गजराला हात लावू नका. 23 मिनिटांची बाजू 15 वर आली. आता गजर लेबलपासून बराच बाहेर संपणार होता. मी टाळांची धार किंचित बोथट केली, तबल्याचा खालचा आवाज मोनो केला, कारण तिथे डावं-उजवं विस्कटलं की सुई उड्या मारते. लिमिटर, म्हणजे मोठा आवाज दाबणारा, लावला नाही. फाइल ऐकताना काका मांडीवर ताल धरत होते. कॉम्प्युटर समोरच होता.

कव्हरवर काय छापायचं, हे त्यांनी शेवटी विचारलं. मी म्हटलं, झालं तेच छापा: मूळ स्पूल, 96 किलोहर्ट्झवर उतरवलेला, त्यावरून लॅकर. काकांनी मान्य केलं. फक्त 'किलोहर्ट्झ' गाळायला सांगितलं.