विव्हिंगमधून क्वालिटीत : डिपार्टमेंट बदलून घेण्याचा माझा अनुभव

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात मी विव्हिंगची, म्हणजे विणकामाची, शिफ्ट सांभाळत होतो. आता तिथेच क्वालिटीला आहे. मागणी केल्यापासून ऑर्डर हातात पडेपर्यंत साडेचार महिने लागले, आणि त्यातले दोन निव्वळ क्रम चुकल्यामुळे वाया गेले.

मी आधी क्वालिटीच्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "या की!" दुपारच्या चहापर्यंत ती बातमी माझ्या मॅनेजरांच्या कानावर गेली होती, आणि मी केबिनमध्ये जायच्या आधीच त्यांचा नकार तयार होता. खरा क्रम असा: पहिल्यांदा एचआरकडून एवढंच काढायचं की तिकडे जागा मंजूर आहे का आणि कोणत्या ग्रेडला. मग आपला मॅनेजर, मग तिकडचे साहेब, आणि शेवटी लेखी अर्ज. जागाच मंजूर नसेल तर तिकडच्या साहेबांच्या 'या की'ला काही अर्थ नाही. माणूस वाढवायचा अधिकार बहुतेक वेळा त्यांच्याकडे नसतो.

वेळही बघावी लागते. महिनाअखेरीला कंटेनर भरायची घाई असते, तेव्हा विषय काढू नये. दिवाळीच्या आधी नको आणि संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत तर नकोच, कारण निम्मे लोक रजेवर आणि मॅनेजर स्वतः लूमवर (मागावर) माणसं लावत असतो. महिन्याचा पहिला आठवडा, सकाळची शिफ्ट मार्गी लागल्यावर दहा-साडेदहाचा सुमार, ही वेळ बरी.

मॅनेजरला आपली आवड, करिअर वगैरेशी देणंघेणं नसतं असं नाही, पण त्याच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: हा गेला तर त्या शिफ्टला कोण? एफिशियन्सी पडली तर मीटिंगमध्ये उत्तर त्यालाच द्यावं लागतं. म्हणून दुसऱ्यांदा गेलो तेव्हा नाव घेऊनच गेलो. आमच्याकडचा एक जॉबर (लूमची जुळणी-दुरुस्ती बघणारा कारागीर) मशीनमध्ये पक्का होता. त्याला फक्त लिहिण्याची आणि प्लॅनिंगची कामं येत नव्हती. शिफ्ट रिपोर्ट, सुताचा हिशोब, बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला मोठा रूळ) कधी संपणार याचा अंदाज, या तीन गोष्टी त्याला सहा आठवड्यांत शिकवतो असं सांगितलं. बीमचा अंदाज सगळ्यात अवघड. टेरीत पाइलचं (वरच्या लूपचं) सूत ग्राउंडच्या (खालच्या मूळ कापडाच्या) कितीतरी पट खपतं, त्यामुळे दोन्ही बीमचा हिशोब वेगळा ठेवावा लागतो. तो चुकला की दोन-तीन लूम एकाच वेळी बीमविना उभे राहतात आणि नॉटिंगला, म्हणजे नव्या बीमची सुतं जुन्याला जोडायला, माणूस पुरत नाही.

सोबत एक वही केली. प्रत्येक लूमला एक पान: बीम चढवल्याची तारीख, चालू डिझाइन, कोणत्या लूमचा लेट-ऑफ (बीमवरून सूत सोडणारा भाग) त्रास देतो, कोणता सेन्सर सारखा खोटा थांबतो, कोणता पार्ट मागवलाय आणि कधी येणार. मॅनेजरांनी ती वही चाळली, तिथे बोलणं पहिल्यांदा पुढे सरकलं. तोंडी 'मी सगळं समजावून देईन' म्हणणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये.

केबिनमध्ये रात्रपाळीचा कंटाळा, कोणाशी पटत नाही, असलं काही काढू नये. तक्रार ऐकली की मॅनेजर ती सोडवायला बसतो, "तुमची शिफ्ट बदलून देतो" म्हणतो, आणि बदलीचा विषय तिथेच संपतो.

तिकडच्या कामाची थोडी तयारी आधीच असावी. माझ्या बाबतीत ते जीएसएम होतं, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. गोल कटरने टॉवेलचा तुकडा कापतात, तो १०० चौरस सेंटीमीटरचा असतो. त्याचं वजन ग्रॅममध्ये घेऊन १०० ने गुणलं की जीएसएम मिळतं. ४.५ ग्रॅम म्हणजे ४५०. तुकडा बॉर्डरवरून घेतला तर आकडा चुकतो, पाइलमधून घ्यावा लागतो. आणि सोलापूरच्या एप्रिलमध्ये कॉटन इतकं कोरडं पडतं की चेकिंगच्या टेबलावरचा टॉवेल हलका भरतो. म्हणून नमुना आधी लॅबमध्ये ६५ टक्के आर्द्रता आणि २० अंशांच्या आसपास ठेवून मग वजन करायचं. तिकडच्या साहेबांनी नेमका हाच प्रश्न विचारला.

पैशाचा हिशोब हो म्हणण्याआधी करा. बेसिक तोच राहतो, पण जनरल शिफ्टला रात्रपाळीचा भत्ता जातो आणि दुप्पट दराचा ओव्हरटाइमही जवळपास बंद होतो. मागच्या सहा पगारपत्रकांची सरासरी काढून बघितली, तेव्हा फरक कळला. बरेच जण इथेच फसतात आणि दोन महिन्यांत परत जायचं म्हणतात.

मॅनेजरांचं उत्तर आलं, "बघू." सोलापुरात 'बघू की' म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही. अशा वेळी तारीख मागायची: "साहेब, पंधरा तारखेला परत येऊ का?" नंतर त्याच दिवशी अर्ज द्यायचा. माझा एवढाच होता: "क्वालिटी विभागातील रिक्त जागेवर माझी बदली व्हावी ही विनंती. माझ्या जागेवरील व्यक्तीचे प्रशिक्षण ठरलेल्या तारखेपर्यंत पूर्ण करून देईन. सध्याचे वेतन व सेवाज्येष्ठता कायम राहावी. याबाबत आपल्याशी आज चर्चा झाली आहे." खाली सही, तारीख, आणि आपल्या कॉपीवर पोहोचल्याचा शिक्का.

ऑर्डरमध्ये हुद्दा, ग्रेड, पगार, रिपोर्टिंग कोणाला आणि रुजू होण्याची तारीख, हे सगळं आहे का बघा. 'विव्हिंगमध्ये पर्यायी व्यवस्था झाल्यावर' असं लिहिलेलं असेल तर ती तारीख कधीच येत नाही. मी ते वाक्य बदलून घेतलं. दुसरी कंपनी पण मालक तेच, असा प्रकार असेल आणि राजीनामा देऊन तिकडे नव्याने भरती व्हायला सांगत असतील, तर सही करू नका. ग्रॅच्युइटीची पाच वर्षं पुन्हा एकपासून मोजली जाऊ शकतात. बदली सलग सेवेसह आहे असं पत्रात लिहून घ्या.

आणि रुजू झाल्या दिवशी टाइम ऑफिसात जाऊन पंचिंगचा शिफ्ट कोड बदलून घ्या. माझा सातच्या शिफ्टचा कोड तसाच राहिला होता, त्यामुळे रोज नऊला वेळेवर येऊनही मशीनमध्ये दोन तास उशीर दिसत होता. पगारात कापलेले ते पैसे पुढच्या महिन्यात मिळाले, तेही तीनदा फेऱ्या मारल्यावर.