अकादमीतली पोरं आधी का जातात?

"मामा, जो लहानपणापासून क्लबमध्येच खेळतोय, त्यालाच आधी का काढतात?"

आज सकाळी बाणेरच्या टर्फवर बुटांच्या नाड्या बांधता बांधता भाच्याने विचारलं. अंगात मँचेस्टर युनायटेडचा दहा नंबर, पाठीवर रॅशफर्ड. तो नंबर 2025 मध्ये मोसमाआधीच्या तयारीतच बाहेरून घेतलेल्या कुन्याकडे गेला. अकादमीत, म्हणजे क्लबच्या तरुण खेळाडू घडवणाऱ्या शाळेत, तयार झालेले रॅशफर्ड, गार्नाचो आणि आणखी तिघे अशा पाच जणांना अमेरिका दौऱ्यावर नेलंच नाही.

त्याला सांगितलं ते असं. बाहेरून विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांवर विभागून खर्चात धरतात. अकादमीतल्या मुलाची खरेदी किंमत शून्य, त्यामुळे तो विकला की आलेली सगळी रक्कम नफा. प्रीमियर लीगच्या आर्थिक नियमांत बसायचं तर हा सगळ्यात सोपा मार्ग.

तो म्हणाला, "पण मग मॅकटॉमिने?"

तिथे मी अडकलो. लहान असल्यापासून युनायटेडमध्ये असलेला पोरगा 2024 च्या ऑगस्टमध्ये इटलीतल्या नापोली क्लबला गेला आणि पहिल्याच मोसमात तिथली सेरी आ लीग जिंकून लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मला याचा अजून त्रास होतो, खरंच.

कोणाला खेळवायचं हे प्रशिक्षकानेच ठरवावं, शिस्तही हवी. पण 1937 पासून प्रत्येक सामन्याच्या संघात अकादमीतला किमान एक खेळाडू असलेला हा क्लब आहे. आम्ही पुण्यात रात्र रात्र जागतो ते त्यासाठी. तिथे ताळेबंदाच्या सोयीने पोरं निवडली जाऊ नयेत.

तुमच्या क्लबने असा कोणता खेळाडू सोडला, जो अजून सलतो?