मोरचूद, हळद आणि सुटं तांबं

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला जातो, रेल्वेत विचारला जातो, पीएच.डी.साठी भेटायला येणारी मुलं विचारतात. गेल्या महिन्यात बँकेत सही जुळेना म्हणून थांबले होते, तर तिथल्या मॅनेजरबाईंनीही विचारलं: "तुम्ही फिजिक्सच्या ना? मग हळदीवर आणि झाडपाल्यावर काम कशा करता? आणि ते चुंबकांचं कोण करतं?" दोन्ही मीच करते. पण उत्तर दर वेळी अर्धवट राहतं, कारण ते मला मोरचुदापासून सुरू करावं लागतं आणि समोरच्याला तेवढा वेळ नसतो. तुम्ही विचारलंत म्हणून आज सगळं सांगते.

श्रीवर्धनजवळ आमची सुपारीची बाग होती. पावसाच्या तोंडावर कोळेरोगासाठी अण्णा बोर्डो मिश्रण करायचे. एक किलो मोरचूद, म्हणजे तांब्याचं निळं मीठ, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या भांड्यांत कालवायचे, मग तिसऱ्या भांड्यात एकत्र ओतायचे. आकाशासारखं निळं पाणी तयार व्हायचं. ते झाडावर जाण्याआधी अण्णा घासून चकचकीत केलेला विळा त्यात बुडवून धरायचे. पात्यावर तांबूस पुट चढलं, तर म्हणायचे, "सुटं तांबं राहिलंय गं, चुना आण." चुन्याशी न बांधलं गेलेलं तांबं लोखंडावर येऊन बसतं, आणि तेच झाडाच्या कोवळ्या पानांनाही जाळतं. पुट चढेनासं होईपर्यंत फवारणी नाही. हा विळा मी विसरलेले नाही.

एम.एस्सी.ला असताना कळलं, की मोरचूद हे भौतिकशास्त्रातलं एक गाजलेलं चुंबक आहे. खिशातल्या लोहचुंबकासारखं नव्हे. टाचणीही त्याला चिकटणार नाही. मोरचुदातल्या प्रत्येक तांब्याच्या आयनावर, म्हणजे विद्युतभारित अणूवर, एक इलेक्ट्रॉन जोडीशिवाय उरलेला असतो. त्या इलेक्ट्रॉनचा स्पिन म्हणजे एक अगदी लहान चुंबक. स्फटिकातल्या निम्म्या तांब्यांची एकामागे एक अशी रांग लागते. रांगेतल्या शेजाऱ्यांना एकमेकांच्या उलट दिशेला राहायचं असतं, आणि शेजारच्या रांगेशी त्यांचा जवळजवळ संबंध येत नाही. उरलेले निम्मे जवळपास एकटेच असतात. म्हणजे वस्तू हातात धरण्याजोगी, तीन मितींची. पण तिच्यातलं चुंबकत्व एका मितीतलं.

एका मितीत एवढं विशेष काय? रांगेत प्रत्येकाला शेजारी दोनच. घट्ट विणलेल्या स्फटिकात एखादा स्पिन डळमळला तर बाकीचे शेजारी त्याला सावरून धरतात. रांगेत सावरायला कोणी नसतं, म्हणून सगळी रांगच कायम हलती राहते. कितीही थंड केली तरी ती वर-खाली-वर-खाली अशी शिस्तीत गोठत नाही. हान्स बेथेने १९३१ मध्ये या रांगेचं गणित अचूक सोडवलं. २०१३ मध्ये न्यूट्रॉनांचा मारा करून हे चित्र मोजलं गेलं, तेही मोरचुदातच. एक स्पिन उलटा केला की तो धक्का दोन अर्ध्यांत फुटतो आणि ते दोन अर्धे रांगेतून स्वतंत्रपणे पळत सुटतात. एकूण तीव्रतेतली सुमारे ७१ टक्के अशा जोड्यांची असते, असं गणित सांगतं. त्या प्रयोगासाठी स्फटिक जड पाण्यात वाढवले होते, कारण साधा हायड्रोजन न्यूट्रॉनांना चहूकडे उधळून लावतो.

या विषयात मुंबईचंही नाव आहे, आणि ते मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. १९६९ मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत चंचलकुमार मजुमदार आणि दीपन घोष यांनी रांगेचा आणखी एक प्रकार अचूक सोडवला. शेजाऱ्याशी जेवढी ओढ, तिच्या निम्मी ओढ एक सोडून पुढच्याशी, अशी ती रांग. आता कोणाचं ऐकावं हे स्पिनना कळेना. त्यांनी काढलेलं उत्तर फुगडीसारखं आहे: दोघीदोघी हात धरून एकमेकींच्या उलट झुकतात, आणि पुढच्या जोडीकडे बघतही नाहीत. फुगडीत एकटी कोणत्या दिशेला झुकली आहे हे विचारण्यात अर्थ नसतो, तसंच इथे. जोड्या लावायच्या रीती दोनच: पहिली-दुसरी, तिसरी-चौथी, नाहीतर दुसरी-तिसरी, चौथी-पाचवी. फिलिप अँडरसन यांनी १९७३ मध्ये पुढचा प्रश्न घातला: जोड्या एका जागी न टिकता सतत बदलत राहिल्या तर? असं चुंबक कधी गोठणारच नाही. त्याला आज क्वांटम स्पिन द्रव म्हणतात, आणि त्याचा शोध अजून चालू आहे.

आता हे बघायचं कसं? माझं साधन एनएमआर, म्हणजे केंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदन. दवाखान्यातला एमआरआय याच तत्त्वावर चालतो. प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचं केंद्रक, स्वतः एक इवलंसं चुंबक असतं. ११.७ टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात ते सेकंदाला ५० कोटी वेळा गरगरतं. पण नेमकं किती वेगाने, हे त्याच्या शेजारावर ठरतं. आलेखावर हा वेग एका रेषेची जागा म्हणून दिसतो. शेजारी ऑक्सिजन असेल तर वेग थोडा वेगळा, कार्बन असेल तर आणखी वेगळा. शेजारी जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असेल तर फारच वेगळा, कारण इलेक्ट्रॉनचं चुंबकत्व प्रोटॉनच्या सुमारे ६५८ पट असतं. हळदीच्या रेणूत हा फरक दशलक्षांश भागांत मोजतात, माझ्या चुंबकांत टक्क्यांत. यंत्रं दोन आहेत, पण दोन्हींत मी एकच विचारते: बाबा रे, तुझ्या शेजारी कोण आहे? निकोलास ब्लोमबर्गन यांनी १९५० च्या सुमारास मोरचुदातल्या पाण्याच्या प्रोटॉनांना हेच विचारलं होतं.

हा प्रश्न विचारायची मला सवय का लागली, ते सांगायला हवं. डॉक्टरेटनंतरच्या दुसऱ्या वर्षी मी तांब्याच्या साखळ्यांचं, म्हणजे वरच्यासारख्या रांगांचं, एक संयुग बनवलं आणि अख्ख्या नमुन्याचं चुंबकत्व मोजलं. थंड करत गेलं की आलेख चढावा, एक गोल उंचवटा यावा आणि मग उतरावा, अशी अपेक्षा होती. उंचवटा आला, पण १० केल्विनच्या (उणे २६३ अंश सेल्सिअसच्या) खाली आलेख पुन्हा वर चढू लागला. मला वाटलं, काहीतरी नवं सापडलं. आठ महिने मी त्या चढावर सिद्धांत रचत होते. मग एनएमआर केलं. साखळीशेजारच्या केंद्रकांची रेषा उंचवट्यापर्यंत गेली आणि शांतपणे उतरली. वर चढलीच नाही. चढ होता सुट्या तांब्याचा, शंभरात जेमतेम एक. थंडीत साखळी मंदावत जाते, सुटा स्पिन मात्र तापमान निम्मं झालं की दुप्पट जोराने बोलतो. शेवटी सगळीकडे त्याचाच आवाज ऐकू येतो. त्या रात्री मला विळा आठवला, आणि मी प्रयोगशाळेत बसून रडले. अण्णा मिश्रण ओतण्याआधी बघायचे. मी आठ महिन्यांनी बघितलं.

माझ्या एकटीचीच ही गोष्ट नाही. हर्बर्टस्मिथाइट नावाचं हिरवं खनिज आहे, चिलीमध्ये सापडलेलं, २००४ मध्ये नोंदलेलं. त्यातलं तांबं बुरुडाच्या षटकोनी डोळ्यांच्या विणीसारखं बसलेलं असतं. जपानी लोक त्या विणीला कागोमे म्हणतात. अँडरसनच्या द्रवासाठी याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही. पण थरांच्या मध्ये जिथे जस्त बसायला हवं, तिथे काही जागांवर, शंभरातल्या सुमारे पंधरा, तांबं शिरून बसतं. २०१५ मध्ये ऑक्सिजन-१७ या केंद्रकाच्या एनएमआरवरून एका गटाने सांगितलं, की या द्रवाला हलवायला किमान काही ऊर्जा लागते. २०२० मध्ये दुसऱ्या गटाने त्याच केंद्रकावरून सांगितलं, की अशी किमान मर्यादा नाही. दोन्ही कामं मन लावून केलेली आहेत. वाद उरतो तो सुट्या तांब्याचा हिस्सा कसा बाजूला काढायचा, इथे.

आणि म्हणून हळद.

कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं पिवळं द्रव्य, १८१५ मध्ये वेगळं केलं गेलं, त्याची रचना १९१० मध्ये ठरली. पुष्कळ ठिकाणी ती अशी छापतात, की मधल्या कार्बनवर दोन प्रोटॉन आहेत. द्रावण एनएमआरमध्ये घाला, तिथे एकच दिसतो. दुसरा गेलेला असतो जवळच्या दोन ऑक्सिजनांच्या मध्ये, आणि त्याची रेषा दूर, दशलक्षांशांच्या मापावर सोळाच्या आसपास, एकटी उभी असते. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा फार आनंद झाला होता. पण माझं खरं काम त्यापुढचं. बाजारात 'कर्क्युमिन' म्हणून मिळणारी पिवळी पूड सहसा एक संयुग नसते. ती तीन भावंडं असतात. कर्क्युमिन त्यातलं सुमारे तीन चतुर्थांश. आणि कर्क्युमिन प्रयोगशाळेतल्या चाचण्यांना स्वतःच चकवतं. ते चमकतं, धातूंना धरून बसतं, प्रथिनांशी वाटेल तिथे अभिक्रिया करतं, आम्लविरहित पाण्यात लवकर मोडतं. चाचणी 'गुण आला' म्हणते, पण तो कशाचा, हे सांगत नाही. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने तोवरचं सगळं काम तपासून स्पष्ट लिहिलं, की दुहेरी-अंध (कोणाला काय दिलं हे रुग्णालाही ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही), प्लासिबोशी म्हणजे खोट्या गोळीशी तुलना केलेली एकही यशस्वी चाचणी कर्क्युमिनच्या नावावर नाही.

इथे लोकांना वाईट वाटतं, आणि मला त्याचं नवल वाटत नाही. जखमेवर हळदीच्या वापराचं अमेरिकन पेटंट १९९५ मध्ये दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने) ते लढून १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. त्या बातमीचा अभिमान मलाही आहे. पण तो खटला हे ज्ञान कोणाचं आणि किती जुनं, याचा होता. गोळीने कर्करोग बरा होतो का, याचा नव्हता. आमच्या शेजारच्या ताईंनी केमो थांबवून हळदीच्या कॅप्सूल घ्यायचं मनात आणलं होतं, तेव्हा मी त्यांच्या घरी जाऊन दोन तास बसले. जेवणातली हळद खा, उपचार सोडू नका, एवढंच पुन्हापुन्हा सांगत राहिले. त्यांनी उपचार सोडले नाहीत.

त्याच दिवशी मी त्यांना नरक्याबद्दल सांगितलं, आणि हे झाड मला फार जवळचं आहे. सह्याद्रीत वाढणारं मध्यम उंचीचं झाड, फुलांना वाईट वास, म्हणून हे नाव. काही जण त्याला अमृता म्हणतात. त्यात कॅम्प्टोथेसिन असतं, कर्करोगावरच्या काही औषधांचं मूळ. ते पहिल्यांदा १९६६ मध्ये एका चिनी झाडातून मिळालं. शोधणारे दोघे, मनरो वॉल आणि मनसुख वाणी. वाणी नंदुरबारला जन्मलेले, मुंबई विद्यापीठात शिकलेले. पुढे १९७१ मध्ये टॅक्सॉल या कर्करोगावरच्या औषधाची रचनाही याच जोडीने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. आपल्या नरक्यात कॅम्प्टोथेसिन आहे, हे १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं, तेही गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात काम करताना.

पण रेणू सापडला म्हणजे औषध झालं नाही. कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळेना, म्हणून सत्तरच्या दशकात त्याचा सोडियम क्षार रुग्णांना दिला. त्यात रेणूचं एक कडं उघडतं. उघड्या कड्याचा रेणू कामाला कमी आणि मूत्राशयाला त्रासदायक निघाला. चाचण्या थांबल्या. पेशीत हा रेणू नक्की कोणाला धरतो हे १९८५ मध्ये कळलं: डीएनएचा पीळ सोडवणारं टोपोआयसोमरेज-१ हे विकर. मग कडं शाबूत ठेवून विरघळणारी रूपं तयार झाली, आणि १९९६ मध्ये टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन अमेरिकेत मंजूर झाली. ताईंच्या कागदावर इरिनोटेकॅन लिहिलेलं होतं. त्यांनी ते बोटाने दाखवलं आणि विचारलं, "म्हणजे हे आपल्या डोंगरातलंच?" मी म्हटलं, रेणूचं मूळ तेच.

कडं बंद आहे की उघडं, हे त्या कड्यातल्या दोन प्रोटॉनांच्या रेषेवरून मला कळतं. आमचं सध्याचं काम लागवडीतल्या रोपांच्या पानांवर आहे. पानांत कॅम्प्टोथेसिन कमी मिळतं, पण झाड उभं राहतं. लाकडासाठी आणि सालीसाठी सह्याद्रीतली नरक्याची झाडं चोरून तोडली गेली आहेत, अजूनही जातात. त्या तोडलेल्या बुंध्यांकडे मला बघवत नाही. पानांचा अर्क आला की पहिल्या दिवशी आम्ही त्यात कॅम्प्टोथेसिन शोधत नाही. आधी बाकी काय काय आहे, ते मोजतो.

बँकेतल्या मॅनेजरबाईंना यातलं मोरचुदापर्यंतच सांगून झालं होतं, तेवढ्यात सही जुळली. त्यांचं माहेर तासगावचं, द्राक्षबागेतलं. बोर्डो म्हटल्यावर त्या एकदम म्हणाल्या, "आमच्याकडे सुरी बुडवायचे." मग मागे उभी असलेली रांग विसरून आम्ही दोघी किती चुना पुरतो यावर बोलत राहिलो.