बिनतारी नॉब आणि न थांबणारा आवाज : माझा अनुभव

गाण्यांचा आवाज कमीजास्त करायला मी घरी एक बिनतारी नॉब बसवला; तो फिरवला की आवाज वाढू लागायचा आणि बोटे थांबली तरी तो वाढतच राहायचा. ही एक तक्रार घेऊन मी विक्रेत्याच्या ग्राहक सेवा केंद्राशी जितका पत्रव्यवहार केला, तितका दुसऱ्या कोणत्याही वस्तूसाठी केलेला नाही. दर वेळी उत्तर तेच येत असे : नॉब रीसेट करा, पुन्हा पेअर करा, सेल बदलून पाहा. दोष नॉबमध्ये नव्हता आणि सेलमध्येही नव्हता. उन्हाळ्यात लाइट केव्हा जाईल याचा भरवसा नसलेल्या आपल्या खानदेशात हेच दुखणे इतरांच्या घरीही निघू शकते, म्हणून सगळे सविस्तर लिहीत आहे.

आमचे घर अमळनेरच्या जुन्या वस्तीत आहे आणि भिंती दीड फूट जाडीच्या आहेत. स्पीकर आणि वायफायवरून गाणी वाजवणारा ॲम्प्लिफायर बाहेरच्या खोलीत असतो, तर नाना, म्हणजे माझे वडील, मधल्या खोलीत झोपाळ्यावर बसून सकाळी अभंग ऐकतात. मोबाइलच्या पडद्यावरची ती बारीक पट्टी त्यांना नीट दिसत नाही, आणि दिसली तरी बोट थोडे सरकले की आवाज एकदम खाली किंवा वर जातो. रेडिओचा कान पिळावा तसे त्यांना हाताखाली काहीतरी फिरवायला हवे होते. ती त्यांची गरज होती आणि ती पुरवायचीच असे मी ठरवले होते.

रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर होम असिस्टंट, म्हणजे घरातली उपकरणे एका जागेवरून चालवणारे सॉफ्टवेअर, आधीपासून चालू होते. नॉब झिगबी या कमी शक्तीच्या बिनतारी पद्धतीने बोलतो, म्हणून संगणकाला झिगबीचा यूएसबी डोंगल लावला, नॉब पेअर केला, म्हणजे त्याच्याशी जोडला, आणि नॉबकडून येणाऱ्या संदेशावर ॲम्प्लिफायरचा आवाज आपोआप बदलणारी सूचनावली, म्हणजे ऑटोमेशन, लिहिले. या भागात काहीच अडले नाही, त्यामुळे त्यावर शब्द खर्च करत नाही. एवढेच सांगतो की डोंगल रास्पबेरी पायच्या निळ्या यूएसबी पोर्टमध्ये थेट खुपसू नये. निळा पोर्ट यूएसबी ३ चा असतो आणि यूएसबी ३ मधून झिगबीच्याच, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट निघतो, आणि इंटेलने २०१२ मध्येच त्यावर सविस्तर टिपण प्रसिद्ध केलेले आहे. काळा पोर्ट आणि मीटरभर लांबीची एक्स्टेन्शन वायर घेतली की हा प्रश्न उरत नाही.

सुरुवातीला नॉब उत्तम चालला आणि नाना खूश होते. पुढे एका दुपारी बराच वेळ लाइट गेली, संध्याकाळी आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अभंग चालू असताना नानांनी नॉब जरासा फिरवला तो आवाज थेट कमाल पातळीपर्यंत चढला. भिंतीवरच्या फोटोची काच थरथरत होती आणि नाना दचकून ओरडले, "काय व्हयनं भो?" मी धावत जाऊन ॲम्प्लिफायर बंद केला. त्यानंतर हे अधूनमधून होऊ लागले.

असे का होते, हे समजण्यासाठी नॉब काय बोलतो हे पाहावे लागते. जुन्या ॲम्प्लिफायरच्या नॉबला स्वतःची जागा असते; तो जिथे थांबला तिथे आवाज थांबतो. बिनतारी नॉब आतून नुसताच गोल फिरतो, त्याला सुरुवात नाही आणि शेवटही नाही. आमचा नॉब फिरू लागला की "वाढवायला लाग" असा एक संदेश पाठवतो आणि फिरणे थांबले की "थांब" असा दुसरा. मधल्या काळात आवाज वाढवत राहण्याचे काम ऑटोमेशन करते. पहिला संदेश वाटेत हरवला तर काहीच घडत नाही, माणूस पुन्हा फिरवतो आणि विसरून जातो. दुसरा हरवला तर घर हादरते. म्हणजे संदेश दोन्ही प्रकारचे हरवत होते, आम्हाला फक्त दुसऱ्या प्रकारचे कळत होते. "थांब" हा संदेश मिळत नाही, तो का मिळत नाही ते सांगा, असे मी ग्राहक सेवा केंद्राला स्पष्ट लिहिले होते. त्यावर नॉब रीसेट करण्याची तीच सूचना पुन्हा आली.

पुढे त्यांनी नॉब चालवतानाचा व्हिडिओ मागितला, आणि आवाज स्वच्छ यावा म्हणून गाणे बंद ठेवून चित्रण करा असे सांगितले. गाणे बंद असताना नॉब अगदी शहाण्यासारखा वागला. त्यांनी तो व्हिडिओ पाहून "उपकरण व्यवस्थित आहे" असा शेरा मारला आणि तक्रार बंद केली. मला राग आला, पण उत्तराचा धागाही तिथेच हाती लागला. गाणे वाजत असतानाच बिघाड होतो आणि गाणे वायफायवरून येते. जाड भिंतींमुळे ५ गिगाहर्ट्झ बाहेरच्या खोलीपर्यंत नीट पोहोचत नाही, म्हणून ॲम्प्लिफायर २.४ गिगाहर्ट्झवर जोडलेला आहे आणि झिगबीही त्याच पट्ट्यात बोलते. मोबाइलवर वायफायचे चॅनल, म्हणजे पट्ट्यातले क्रमांक दिलेले कप्पे, दाखवणारे मोफत ॲप घेतले आणि पाहिले, तर आमचा राउटर चॅनल १ वर होता. नॉब बसवला त्या दिवशी मी राउटरच्या पानाचा फोटो काढून ठेवला होता, त्यात चॅनल ११ दिसत होता. राउटरमध्ये चॅनलची निवड "ऑटो" वर होती. लाइट गेली आणि आली की राउटर नव्याने सुरू होतो आणि त्या क्षणी त्याला जो चॅनल मोकळा वाटेल तो घेतो.

हे सगळे मी कळवले तेव्हा उत्तर आले की झिगबी ११ वर आहे आणि वायफाय १ वर आहे, आकडे वेगळे आहेत, त्यामुळे अडथळ्याचा प्रश्न येत नाही. या एका वाक्याने माझा सर्वांत जास्त वेळ खाल्ला, कारण ते ऐकायला बरोबर वाटते आणि साफ चुकीचे आहे. वायफायचे आणि झिगबीचे चॅनल वेगवेगळ्या पद्धतीने मोजले जातात. वायफायचा चॅनल १ हा २४१२ मेगाहर्ट्झच्या आसपास असतो आणि साधारण २४०१ ते २४२३ एवढी जागा व्यापतो. झिगबी ज्या मानकावर उभी आहे त्यात ० ते १० हे आकडे ८६८ आणि ९१५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांना दिलेले आहेत, म्हणून २.४ गिगाहर्ट्झमधला तिचा पहिलाच चॅनल ११ आहे आणि तो २४०५ वर बसतो. म्हणजे वायफायचा १ आणि झिगबीचा ११ हे एकमेकांच्या अंगावर आहेत. उलट वायफायचा ११ हा २४६२ वर, झिगबीच्या ११ पासून बराच दूर आहे. बटण सेलवर चालणारा नॉब काही मिलिवॅट शक्तीने बोलणार आणि राउटर त्याच्या अनेक पटींनी; गाणे आणि घरातले मोबाइल एकाच वेळी चालू असले की नॉब आपला संदेश काही वेळा पुन्हा पाठवून पाहतो आणि मग सोडून देतो.

मी राउटरमध्ये चॅनल ११ कायमचा ठरवून टाकला आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवली. त्या क्षणापासून आवाज पळणे थांबले. हे कळवल्यावर, आता दोन्ही ११ वर आहेत, तेव्हा टक्कर होईल, वायफाय १ वर न्या, असा सल्ला आला. त्या ईमेलला मी वरचे सगळे आकडे लिहून उत्तर पाठवले आणि त्यानंतर त्यांच्याकडून काहीही आले नाही. मला त्यांच्याकडून नवा नॉब नको होता. पुढच्या ग्राहकाला तरी त्यांनी हे आकडे सांगावेत, एवढीच माझी अपेक्षा होती आणि अजूनही आहे.

झिगबीची उपकरणे होम असिस्टंटला जोडण्यासाठी झिगबी-टू-एमक्यूटीटी हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की त्यात मुळातच चॅनल ११ ठरवलेला असतो. शेजाऱ्याचा राउटर चॅनल १ वर जोरात येत असेल तर आपले वायफाय हलवून भागत नाही. अशा वेळी झिगबी १५, २० किंवा २५ वर न्यावी. २६ टाळावा, कारण काही उपकरणे त्यावर कमी शक्तीने बोलतात किंवा बोलतच नाहीत. झिगबीचा चॅनल बदलल्यावर काही उपकरणे पुन्हा पेअर करावी लागतात, म्हणून हे काम घरात दोनचार उपकरणे असतानाच उरकावे.

चॅनल सुधारला तरी "थांब" हा संदेश कधीच हरवणार नाही असे धरून चालू नये. ऑटोमेशनमध्ये दोन बंधने घालावीत. आवाज वाढवत राहण्याचे काम दोन सेकंदांनंतर आपोआप थांबावे, आणि नॉबवरून आवाज एका ठरावीक पातळीच्या वर जाऊच नये. आमच्याकडे ती पातळी ५५ टक्के आहे. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात, तेव्हा ॲम्प्लिफायर डेसिबलमध्ये मोजत असेल तर एकेक डेसिबलची पायरी हाताला बरी वाटते. नानांना त्याहून मोठी पायरी चालत नाही, त्यांना अभंगातले टाळ नेमके हवे तेवढेच लागतात.

लोखंडी कपाटावर चुंबकाने नॉब चिकटवायची सोय छान दिसते, पण पत्र्यामुळे संदेश अशक्त होतो, म्हणून आमचा नॉब झोपाळ्याशेजारच्या लाकडी खांबावर आहे. नॉब बराच वेळ पडून असला की झोपतो आणि पहिल्या फिरवण्याला क्षणभर उशिरा उत्तर देतो. तो बिघाड नाही, हे घरातल्या मोठ्यांना आधीच सांगून ठेवावे, नाहीतर ते दुप्पट फिरवतात. राउटरला छोटा यूपीएस लावला तर थोडा वेळ लाइट गेली तरी तो बंद पडत नाही, पण चॅनल कायमचा ठरवणे त्यामुळे टळत नाही.

नवा नॉब घेणाऱ्यांनी विकत घेण्याआधी एकच गोष्ट लेखी विचारावी : हा नॉब "सुरू" आणि "थांब" असे दोन संदेश पाठवतो, की प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र संदेश पाठवतो? दुसऱ्या प्रकारात एखादा संदेश हरवला तर फार तर एक पायरी कमी पडते. काही नॉबमध्ये दोन्ही पद्धती असतात आणि त्या बदलण्याची कृती माहितीपत्रकात दिलेली असते, पण दुकानदार ती आपणहून सांगत नाही.