सोमवारपासून सुरू करायची सवय सोडली त्याचा अनुभव

मी बँकेत क्लार्क आहे, डोंबिवली ते सीएसएमटी रोजचं येणंजाणं, आणि जेएआयआयबी या बँकवाल्यांच्या परीक्षेची तयारी मी तीनदा अर्धवट सोडलीय. अभ्यास जमत नव्हता असं नाही, माझी एक सवय नडत होती. रंगीत पेनांनी टाइमटेबल करायचं, चार दिवस पाळायचं, पाचव्या दिवशी सासूबाईंना डॉक्टरकडे न्यायचं असायचं नाहीतर ब्रांचमध्ये कॅश टॅली व्हायची नाही आणि घरी यायला नऊ वाजायचे, की झालं, मोडलंच आता, सोमवारपासून नीट सुरू करू. मग एक तारखेपासून, मग गणपती झाल्यावर.

मागच्या वर्षी खण आवरताना अशी सहा टाइमटेबलं सापडली, सगळ्यांवर फक्त पहिल्या चार-पाच दिवसांच्या बरोबरच्या खुणा. खूप वाईट वाटलं. दर वेळी मी पहिला चॅप्टरच वाचलेला, रिझर्व्ह बँकेची स्थापना 1935, राष्ट्रीयीकरण 1949 हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं, पण अकाउंट्सचं पुस्तक कोरं करकरीत.

त्याच सुमारास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या संशोधनाबद्दल वाचलं. सवय लागायला 21 दिवस लागतात असं आपण ऐकत आलोय ना, त्यांच्या अभ्यासात सरासरी 66 दिवस निघाले, आणि माणसागणिक 18 पासून 254 पर्यंत फरक. पण मला लागलं ते दुसरंच, मधे एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. हे मला दहा वर्षं आधी कळायला हवं होतं!

मग टाइमटेबल बंद. जाड पुस्तक चॅप्टरप्रमाणे सुटं करून घेतलं आणि एवढंच ठरवलं, सकाळच्या स्लो लोकलमध्ये मुंब्रादेवीचा डोंगर दिसला की पर्समधून पानं काढायची. शेजारच्या ताई मांडीवर पिशवी पसरून मेथी निवडतात, त्या म्हणाल्या, "वाच गं तू, मी नाही बोलत." दिवस चुकला तर कॅलेंडरवर चौकोन रिकामा ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी दुमडलेल्या पानापासून पुढे.

गौरी-गणपतीत सलग सहा चौकोन रिकामे राहिले. त्यानंतरच्या सकाळी हात पुन्हा पहिल्या चॅप्टरकडेच जात होता, खरं सांगते, फार ओढ असते त्याची, नवीन सुरुवात केली की मागचं सगळं पुसल्यासारखं वाटतं. पण डोंगर दिसला आणि मी पान 112 उघडलं, डेप्रिसिएशन, अर्धं विसरलेले, तरी तिथूनच वाचलं.

अकाउंट्सला 47 आले. तसे पासिंगला 50 लागतात, पण एकाच अटेम्प्टमध्ये चारही पेपरांत किमान 45 आणि एकूण 50 टक्के असले तरी पास करतात, त्यात मी बसले. ताईंना आधी सांगितलं, घरी नंतर.

आता त्यापुढच्या परीक्षेचं, सीएआयआयबीचं पुस्तक आणलंय. गुरुवारी आलं, शुक्रवारी सकाळी ट्रेनमध्ये पहिलं पान काढलं.