जर्मनीतलं शाओलिन आणि मांड्यांमधलं थीनमिद्ध

हाइडलबर्ग झालं, ऱ्हाईनवरची बोट झाली, कोलोनचं ते अवाढव्य चर्च झालं, सगळं छानच होतं आणि त्यावर भरपूर लोकांनी लिहिलंय. मला लिहायचंय ते ऑटरबर्गबद्दल, आणि तिथल्याही एकाच सकाळबद्दल.

कायझर्सलाउटर्नच्या उत्तरेला हे छोटंसं गाव. तिथे शाओलिन टेम्पल युरोप आहे, म्हणजे चीनमधल्या शाओलिन मठाची परंपरा शिकवणारं केंद्र, आणि तिथले प्रमुख शी हेंग यी. जन्म जर्मनीतलाच, आईवडील आग्नेय आशियातून निर्वासित होऊन आलेले, आणि हे चार वर्षांचे असल्यापासून कुंग फू शिकतायत. पाच नीवरणांवरचं, म्हणजे मनाला अडवणाऱ्या पाच अडथळ्यांवरचं, त्यांचं भाषण यूट्यूबवर लाखो लोकांनी बघितलंय, मी पण तिथूनच पोचले. गावही निर्वासितांचंच म्हणायला हवं, 1579 मध्ये धर्मासाठी छळ झालेले वालून लोक (आजच्या बेल्जियमच्या भागातले) पळून आले त्यांना इथे आसरा मिळाला. गावातल्या जुन्या मठाच्या चर्चमध्ये तर मधोमध भिंत होती, एकीकडे कॅथलिक, दुसरीकडे प्रोटेस्टंट, ती 1979 ला काढली म्हणे. दीक्षाभूमीच्या गावातल्या माणसाला अशा गोष्टी लगेच लागतात, मी तिथे बराच वेळ बसले.

रविवारी बसचा पत्ता नाही, टॅक्सीवाल्याने सांगितला तो आकडा ऐकून घशाला कोरड पडली, शेवटी भाचा फ्रँकफर्टहून गाडी घेऊन आला. वाटेत त्याचं सुरू, "मावशी, हे सगळं आपलंच आहे ना, बोधिधर्माने जाऊन चिन्यांना कुंग फू शिकवलं." हे मला फार खटकतं. 495 मध्ये चीनमधलं मूळ शाओलिन बांधलं गेलं ते बातुओ या भारतातून गेलेल्या भिक्खूसाठी, बोधिधर्माचं नाव त्यानंतर येतं, आणि त्याने व्यायाम शिकवला असं सांगणारं पुस्तक तर थेट सतराव्या शतकातलं. धम्म इथून गेला हे खरंच, पण पुढची दीड हजार वर्षं तो अंगात मुरवला त्या लोकांनी, त्याचं श्रेय आपण कसं घ्यायचं?

आता ती सकाळ. थंडी, पायाखाली ओलं गवत, आणि सगळे मा बू मध्ये उभे. म्हणजे दोन्ही पाय एकमेकांपासून लांब, पाठ सरळ, कंबर इतकी खाली की मांड्या जमिनीला समांतर, घोड्यावर बसल्यासारखं. बास, एवढंच, उभं राहायचं. सुरुवातीला वाटतं यात काय आहे, मग मांड्या पेटतात, मग थरथर सुरू होते, आणि मग मन बोलायला लागतं. आधी गरम चहा आठवला, मग शिकवणाऱ्या मुलीचा राग आला, मग अंग जड झालं, मग दुसरीकडेच विचार पळाले, परतीची ट्रेन, घरचं लाइट बिल, आणि शेवटी हे सगळं कशाला, यातून काय होणार. हीच ती पाच नीवरणं: कामच्छंद (हाव), व्यापाद (राग), थीनमिद्ध (सुस्ती), उद्धच्चकुक्कुच्च (मनाची चलबिचल), विचिकिच्छा (शंका). ओळीने! विहारात भंतेजींच्या तोंडून लहानपणापासून ऐकलेली यादी, परीक्षेत विचारली तर धडाधडा म्हणून दाखवली असती, ती त्या दिवशी माझ्या अंगावरून चालत गेली. शिकवणारी मुलगी जवळ आली, काही न बोलता दोन बोटांनी माझी कंबर आणखी थोडी खाली केली आणि पुढे गेली. माझ्या शेजारी सत्तरीचे एक जर्मन आजोबा होते, हनुवटीवरून घाम टपकत होता पण डोळे समोर, गडी हलला नाही. मला रडू आलं. दुखत होतं म्हणून नाही, हे माझ्या घरातलं असून मला कुणी असं दिलं नव्हतं म्हणून.

नंतर बा दुआन जिन झालं, संथ व्यायामाचे आठ प्रकार, त्यातला दोन्ही हातांनी आकाश वर उचलायचा पहिला प्रकार मला सगळ्यात आवडला, खांदे सुटतात. काही लोक फक्त फोटोसाठी आलेले, एकजण तर पूर्ण वेळ मोबाइल झाडाला टेकवून स्वतःचं शूटिंग करत होता, त्यांचा वैताग आला. जाणार असाल तर खरंच शिकायला जा.

परत आल्यापासून एकच डोक्यात आहे. आमच्या वस्तीतल्या विहाराचा हॉल वंदना संपली की रिकामा पडतो, आणि पोरं पैसे भरून जिमला जातात. धम्म आपण ऐकला, गायला, 14 ऑक्टोबरला डोक्यावर घेऊन नाचलो, पण मांड्यांपर्यंत पोचवला नाही. कमिटीतल्या भाऊंना फोन करून सांगितलं, हॉल द्या, मला जेवढं येतं तेवढं शिकवते, पुढचं शिकवणारं कुणी शोधू. त्यांनी आधी वय विचारलं, मग म्हणाले, "बरं ताई, रविवारी या, चटया आहेत आपल्याकडे."